थर आणि पाया : संगणकजालावरील फाइल-व्यवस्थेचा एक प्रश्न



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या व्याख्यानमालेत विषय कितीही अवघड असला तरी तो शेवटच्या बाकावरील मुलाला कळेल अशा रीतीने मांडावा, एवढी एकच अट मी स्वतःला घालून घेतली आहे. आजचा विषय नावाला रूक्ष आहे. एका फाइल-व्यवस्थेवर दुसरी फाइल-व्यवस्था थरासारखी रचता येते. परंतु खालची व्यवस्था जेव्हा आपल्या संगणकात नसून तारेच्या पलीकडे, दुसऱ्या संगणकात असते, तेव्हा ही रचना का डळमळते, हा तो विषय होय. संगणकाचा उपयोग करणाऱ्या प्रत्येक शाळेशी आणि कार्यालयाशी त्याचा संबंध येतो. तो कसा, हे एका उदाहरणाने सांगतो.

समजा, माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या शाळेला वीस जुने संगणक भेट दिले. त्यांच्या हार्ड डिस्क भरवशाच्या नाहीत, म्हणून त्या काढून टाकल्या आणि एकच चांगला सर्व्हर घेतला. सुरू होताना प्रत्येक संगणक सर्व्हरवरील एकाच मूळ प्रतीतून सर्व कार्यक्रम वाचतो. ही मूळ प्रत सर्वांची सामायिक असल्याने तिच्यात कोणालाही लिहू देता येत नाही. पण चालता संगणक काही ना काही लिहीतच असतो. म्हणून मूळ प्रतीवर प्रत्येक संगणकाचा स्वतःचा एक पारदर्शक थर पसरतात. वाचन खालून होते, लेखन वरच्या थरात होते. हा वरचा थर संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये असतो. एका मुलीने तासभर बसून निबंध लिहिला, 'सेव्ह' केला, पडद्यावर तो जतन झाल्याचे दिसले. तेवढ्यात वीज गेली. वीज परत आली तेव्हा निबंध नव्हता.

यावर कोणीही सुज्ञ माणूस विचारील : वरचा थरही सर्व्हरवरच का ठेवू नये? सर्व्हरला तर बॅटरीचा आधार आहे. हा प्रश्न रास्त आहे. परंतु तसे करू गेल्यास संगणक ती जोडणीच नाकारतो. तो का नाकारतो आणि मग त्या मुलीच्या निबंधाचे काय करावे, याचे उत्तर शोधणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

थरांची कल्पना

डिस्क ही मुळात क्रमांक घातलेल्या कप्प्यांची रांग असते. कोणत्या कप्प्यांत कोणती फाइल आहे, तिचे नाव काय, धनी कोण, ती कोणी वाचावी, हा सर्व हिशेब ठेवणाऱ्या कार्यक्रमाला फाइल-व्यवस्था म्हणतात. प्रारंभीच्या युनिक्समध्ये असा हिशेब ठेवण्याची एकच पद्धत कार्यप्रणालीच्या गाभ्यात पक्की बसवलेली होती. १९८० नंतरच्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीला स्वतःच्या डिस्कवरील आणि दुसऱ्या संगणकावरील फाइली एकाच वेळी, एकाच रीतीने वापरायच्या होत्या. त्यासाठी स्टीव्ह क्लायमन यांनी 'व्हीनोड' नावाचा एक मधला करार रचला व १९८६ मध्ये तो प्रसिद्ध केला. उघड, वाच, लिही, नाव शोध, पुसून टाक अशा ठरावीक मागण्या वरून येतील आणि खालची प्रत्येक व्यवस्था त्या आपापल्या पद्धतीने पुऱ्या करील, असा तो करार होता.

करार एकच असेल, तर एक सुंदर शक्यता निर्माण होते. वरून मागणी घेणारी आणि तीच मागणी, हवा तो फेरफार करून, खालच्या व्यवस्थेकडे देणारी एक मधली व्यवस्था बनवता येते. तिला स्वतःची डिस्क लागत नाही. १९९० मध्ये सनच्याच डेव्हिड रोझेंथाल यांनी असे थर रचण्याची दिशा दाखविली. लॉस एंजलीस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन हायडेमन व जेराल्ड पोपेक यांनी ती पुढे नेली. न्यू यॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठात एरेझ झाडोक व त्यांच्या विद्यार्थ्यांनी असे थर झटपट तयार करण्याची साधने निर्माण केली. फाइली गुप्त लिपीत ठेवणारा 'ईक्रिप्टएफएस' हा थर २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आला. आपल्या उदाहरणातील पारदर्शक थर, ज्याला 'ओव्हरले' म्हणतात, तो २०१४ च्या डिसेंबरात आला.

पटवाऱ्याच्या नकाशावर ट्रेसिंगचे कापड पसरून त्यावर नव्या खुणा कराव्यात, तसा हा थर असतो. मूळ नकाशा कोरा राहतो. पाहणाऱ्याला दोन्ही मिळून एकच चित्र दिसते. जेथे बदल करायचा, तेवढा मूळ भाग प्रथम वर उतरवून घ्यायचा आणि मग बदलायचा. मूळ नकाशातील एखादे शेत 'पुसायचे' असेल, तर खाली हात न लावता वरच्या कापडावर 'हे नाही असे समजावे' अशी खूण करायची. या खुणेकडे लक्ष असू द्यावे. पुढे तीच अडचणीचे कारण होणार आहे.

परंतु ट्रेसिंगच्या या युक्तीत एक गृहीत दडलेले आहे : खालचा नकाशा टेबलावर स्थिर आहे आणि त्याला माझ्यावाचून कोणी हात लावत नाही.

दूरचा पाया

आता 'नेटवर्क फाइल सिस्टिम' अर्थात एनएफएस पाहू. सनने ती १९८५ च्या सुमारास पुढे आणली. तिचा दुसरा आविष्कार १९८९ मध्ये, तिसरा १९९५ मध्ये आणि चौथा प्रथम २००० साली जाहीर मानक म्हणून प्रसिद्ध झाला. तिचे वैशिष्ट्य असे की, दूरच्या सर्व्हरवरील फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी भासते. 'भासते' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो.

पहिल्या रचनाकारांपुढे प्रश्न होता, सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला तर काय करायचे? त्यांनी असे ठरविले की, कोणी कोणती फाइल उघडली आहे हे सर्व्हरने लक्षातच ठेवायचे नाही. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण असेल. उत्तर आले नाही तर तीच मागणी पुन्हा पाठवायची. यामुळे व्यवस्था कमालीची चिवट झाली. पण व्हीनोड करारातील 'उघड' आणि 'मीट' या दोन मागण्यांना तारेवरून जाण्याची वाटच उरली नाही.

येथे आपल्या भागातील अनेकांना परिचित असलेले एक दृश्य आठवते. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अडीच फुटी नॅरोगेज झाली आणि गोंदियाला ती मुंबई-हावडा मार्गाच्या साडेपाच फुटी ब्रॉडगेजला भेटे. आता तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. परंतु ज्यांनी ती छोटी गाडी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की, दोन रुळांच्या भेटीच्या ठिकाणी वाघीण पुढे जात नसे. माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. जो माल लहान वाघिणीत मावेल तोच पुढे जाई. फाइल-व्यवस्थेच्या थरांतील करार म्हणजे ब्रॉडगेज आणि संगणकजालावरील करार म्हणजे नॅरोगेज, असे समजावे. वरचा थर ब्रॉडगेजच्या मापाने माल पाठवितो. मध्ये गोंदिया आहे, हे त्याला माहीत नसते.

हे केवळ कल्पनेतले नाही. पोपेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फायकस' नावाची, एकाच फाइलच्या अनेक ठिकाणी प्रती ठेवणारी व्यवस्था बांधली व १९९० मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. तिच्या दोन थरांमध्ये वाहतुकीसाठी त्यांनी एनएफएस घातले. वरच्या थराला 'फाइल उघडली', 'फाइल मिटली' हे खालच्याला कळवायचे होते. एनएफएस ते पुढे नेईना. शेवटी त्यांनी हा निरोप 'अमुक नावाची फाइल शोध' या मागणीतील नावाच्याच जागी दडवून पाठविला. एनएफएसने ते नाव समजून निमूटपणे पोहोचविले. पलीकडच्या थराने त्यातील निरोप वाचला. युक्ती साधली, पण किंमत पडली : नावाच्या जागेत निरोप मावावा म्हणून फाइलीच्या नावाची कमाल लांबी कमी करावी लागली.

अडचणी कोठे येतात

पहिली अडचण खुणांची. ओव्हरले थर 'ही फाइल नाही' असे दर्शविण्यासाठी एक विशेष प्रकारची नोंद करतो आणि 'या निर्देशिकेतील खालचे काहीही दाखवू नये' अशा सूचना फाइलीला जोडलेल्या विस्तारित गुणधर्मांत लिहितो. हे गुणधर्म म्हणजे फाइलीच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. त्यांतील ज्या चिठ्ठ्या केवळ व्यवस्थेनेच वाचाव्यात असा संकेत आहे, त्या एनएफएस वाहून नेत नाही. २०१७ च्या पुरवणी मानकाने चिठ्ठ्यांची सोय केली, पण ती सर्वसाधारण वापरकर्त्याच्या चिठ्ठ्यांपुरती. शिवाय वरच्या थराला नामांतर आणि खूण या दोन क्रिया अभंगपणे एकदमच घडायला हव्या असतात. तशी मागणी एनएफएसच्या शब्दकोशात नाही. म्हणूनच लिनक्स एनएफएसवरील निर्देशिकेला वरचा, लिहिण्याचा थर म्हणून स्वीकारत नाही. आपल्या वर्गातील संगणकाचा नकार हा दोष नव्हे. खुणा हरवल्या असत्या, तर पुसलेल्या फाइली पुन्हा उगवल्या असत्या; त्यापेक्षा आधीच नाही म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे.

दुसरी अडचण परस्पर होणाऱ्या बदलांची. एनएफएसवर एकाच फाइलीला अनेक संगणक हात लावतात. दर वेळी सर्व्हरला विचारणे परवडत नाही म्हणून प्रत्येक संगणक फाइलीची माहिती काही काळ स्वतःजवळ ठेवतो. लिनक्समध्ये साध्या फाइलीसाठी ही मुदत नेहमीच्या मांडणीत ३ ते ६० सेकंदांची असते. एकाने फाइल मिटल्यावर दुसऱ्याने उघडली तर त्याला नवा मजकूर दिसेल, एवढेच आश्वासन असते. यावर आणखी एक थर रचला की तो थर आपली वेगळी प्रत ठेवतो. खालच्या प्रतीला कळलेला बदल वरच्या प्रतीला कळतोच असे नाही. ट्रेसिंगखालचा नकाशा कोणी अलगद बदलला, आणि वरच्या खुणा मात्र जुन्या बांधांवरच राहिल्या, अशी ती अवस्था होते. ओव्हरलेच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही असे म्हटले आहे की, थर वापरात असताना खालची प्रत बदलू नये. बदलल्यास संगणक कोसळणार नाही, पण काय दिसेल याची शाश्वती नाही.

तिसरी अडचण मिटण्याची आणि पुसण्याची. उघडी असलेली फाइल पुसली तरी, जो ती वापरत आहे त्याला ती मिटेपर्यंत वापरता यावी, हा युनिक्सचा जुना शिरस्ता आहे. कोणी काय उघडले आहे हे सर्व्हरला ठाऊक नसल्याने, वापरणारा संगणकच अशी फाइल न पुसता तिला '.एनएफएस'ने सुरू होणारे एक विचित्र नाव देऊन ठेवतो आणि मिटल्यावर पुसतो. या क्लृप्तीला इंग्रजीत 'सिली रिनेम', म्हणजे खुळे नामांतर, असेच म्हणतात. आता वरचा थर स्वतःच्या सोयीसाठी खालची फाइल दीर्घकाळ उघडी ठेवत असेल, तर माणसाने फाइल पुसली, वर ती दिसेनाशी झाली, तरी खाली ते विचित्र नाव रेंगाळत राहते. निर्देशिका काढायला जावे, तर ती रिकामी नाही असे उत्तर येते, आणि पाहावे तर ती रिकामी दिसते.

चौथी अडचण अधिकाराची. वरचा थर पुष्कळदा संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याच्या, म्हणजे 'रूट'च्या नावाने खाली काम करतो. पण सर्व्हर दूरच्या रूटवर विश्वास ठेवीत नाही, आणि ते योग्यच आहे. तो त्याला 'कोणीही नाही' या दर्जावर आणून ठेवतो. गावच्या पंचायतीतील अधिकारपत्र दुसऱ्या जिल्ह्याच्या कचेरीत चालत नाही, त्यातलाच हा प्रकार. वर परवानगी मिळाली आणि खाली नाकारली गेली, किंवा याच्या उलट झाले, तर वापरणाऱ्याला त्याचे कारण उमगत नाही.

गुप्त लिपीच्या थराची गोष्ट

पाचवी अडचण सर्वांत गंभीर आहे, कारण तिच्यात चूक झाल्याचे कोणालाच कळत नाही. शाळेने निकालपत्रके सर्व्हरवर ठेवली आणि ती कोणी वाचू नयेत म्हणून प्रत्येक संगणकावर गुप्त लिपीचा थर घातला, असे समजा. गुप्त लिपीत एक अक्षर बदलायचे झाले तरी त्याभोवतीचा पूर्ण गठ्ठा, उदाहरणार्थ ४०९६ बाइटांचा, आधी वाचावा, उलगडावा, बदलावा, पुन्हा गुप्त करावा आणि संपूर्ण लिहावा लागतो.

दोन शिक्षक दोन संगणकांवरून एकाच फाइलीत गुण भरत आहेत. एक पहिल्या ओळीत, दुसरा दहाव्या ओळीत. त्यांच्या कार्यक्रमांनी आपापल्या ओळीपुरते कुलूपही लावले आहे. नुसत्या एनएफएसवर हे सुरळीत पार पडते, कारण प्रत्येकाकडून आपापल्या बाइटांपुरतेच लेखन होते. गुप्त लिपीच्या थरावर मात्र दोन्ही ओळी एकाच गठ्ठ्यात येतात. दोघांनी तोच जुना गठ्ठा वाचलेला; पहिल्याने आपली ओळ बदलून तो पूर्ण लिहिला; मागून दुसऱ्याने आपल्या ओळीसह, पण पहिल्याच्या जुन्या ओळीसकट, तो पूर्ण लिहिला. पहिल्या शिक्षकाने भरलेले गुण नाहीसे झाले. कोणत्याही थराने करार मोडला नाही, कोठेही त्रुटीचा संदेश आला नाही. तरीही एका मुलाच्या निकालात चूक शिरली. कुलूप होते ओळीला, लेखन झाले गठ्ठ्याचे.

सहावी अडचण याच जातीची आहे. एनएफएसवर लिहिलेला मजकूर बहुधा प्रथम आपल्याच संगणकात साठतो व मागाहून सर्व्हरकडे जातो. सर्व्हरवर जागा संपली असेल, तर ते पुष्कळदा फाइल मिटताना किंवा 'आता खरोखर लिही' अशी स्पष्ट मागणी केल्यावरच कळते. मधल्या थराने हा उशिरा आलेला नकार वरपर्यंत पोहोचविला नाही, तर 'जतन झाले' हे शब्द पडद्यावर उमटतात आणि ते खरे नसतात.

मग करावे काय?

या सर्व अडचणींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. खालचा थर जे वचन देत नाही, ते वरच्या थराला देता येत नाही. स्वतःच्या डिस्कवरील व्यवस्था अनेक वचने न बोलता पाळते : माझ्यामागे कोणी फेरफार करणार नाही, उघडलेले विसरणार नाही, चिठ्ठ्या हरवणार नाही. थर बांधणाऱ्याने त्या मूक वचनांवर इमारत उभारलेली असते. पाया दूर नेला की नेमकी तीच वचने गळून पडतात.

जेथे दूरची वाहतूक आरंभापासूनच रचनेचा भाग मानली गेली, तेथे चित्र वेगळे आहे. बंगळूरमध्ये वाढलेल्या आणि २०११ मध्ये रेड हॅट कंपनीने घेतलेल्या 'ग्लस्टर' या व्यवस्थेत सर्व कामे 'ट्रान्सलेटर' नावाच्या एकावर एक रचलेल्या थरांतून होतात आणि तारेवरून जाणे हाही त्यांतलाच एक थर असतो. सर्व थर एकाच मापाच्या रुळांवर चालतात, म्हणून निरोप नावात दडवून पाठविण्याची वेळ येत नाही. अर्थात तारेतील विलंब आणि सर्व्हरचे बंद पडणे हे तेथेही टळत नाही; मात्र ते लपत नाही.

शाळेला इतकी मोठी व्यवस्था नको. तिच्यासाठी चार साधे नियम पुरेसे आहेत. पहिला : दूरची प्रत खालच्या थराला, केवळ वाचनासाठी वापरावी, लिहिण्याचा थर त्या-त्या संगणकातच असावा. दुसरा : वापरात असलेल्या मूळ प्रतीला हात लावू नये. नवे कार्यक्रम घालायचे असतील तर शेजारी दुसरी प्रत तयार करावी आणि सर्व संगणक बंद करून सुरू करताना तिच्याकडे वळवावे. तिसरा : विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या फाइलींची निर्देशिका या थरांमधून मुळीच नेऊ नये; ती सर्व्हरवरून सरळ, मध्ये कोणताही थर न घालता जोडावी. चौथा : गुप्ततेसाठी सर्व्हरची डिस्कच गुप्त लिपीत ठेवावी आणि तारेवरील वाहतूक वेगळी सुरक्षित करावी, एनएफएस ज्या संदेशपद्धतीवर चालते तिला टीएलएसचे कवच देणारे मानक २०२२ मध्ये आले आहे. यात सर्व्हरच्या चालकावर विश्वास ठेवावा लागतो, हे खरे. तोही ठेवायचा नसेल, तर गुप्त लिपीचा थर संगणकावरच हवा. आणि मग एका वेळी एकानेच लिहावे हा नियम माणसांनी पाळायला हवा.

आता त्या मुलीच्या निबंधाकडे परत येऊ. तिसरा नियम पाळला असता, तर तिने 'सेव्ह' म्हणताच मजकूर रॅममधील थरात न अडकता सर्व्हरकडे गेला असता, आणि फाइल मिटून कार्यक्रमाने होकार दिल्यानंतर वीज गेली असती तरी तो शाबूत राहिला असता. कार्यक्रम तोच, तार तीच, सर्व्हरही तोच. कोणती वस्तू कोणत्या थरातून न्यावी आणि कोणती थरांबाहेर ठेवावी, एवढाच निर्णय वेगळा.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, शाळेला संगणक देताना त्यांची संख्या जशी आपण मोजतो, तसाच एक प्रश्नही विचारावा : मुलांनी लिहिलेले शेवटी कोठे जाऊन टेकते? ज्याला हे बोट ठेवून दाखविता येईल, त्याच्या हाती संगणक कक्ष सोपवावा. 'जतन झाले' हा संगणकाने मुलाला दिलेला शब्द आहे, आणि तो शब्द खालच्या शेवटच्या थरापर्यंत खरा ठरेल हे पाहणे आपले, मोठ्यांचे काम आहे.